मलमलीचे पंख आणि पुलाचे गणित

विमानाचे चित्र काढा असे मुलांना सांगितले, तर एक लांबट धड आणि दोन बाजूंना दोन पंख असेच चित्र बहुतेकजण काढतात. मग त्यांच्यासमोर राइट बंधूंच्या १९०३ मधल्या विमानाचा फोटो ठेवावा. पहिला प्रश्न येतो, "यात विमान कुठे आहे?" प्रश्न चुकीचा नाही. त्याला धड नाही, चाके नाहीत आणि जी शेपटी वाटते ती पुढच्या बाजूला आहे. एकावर एक अशा दोन लांब पट्ट्या, त्यांच्यामध्ये उभे खांब आणि जिकडेतिकडे तारा. कपडे वाळत घालायची सोय वाटावी, असेच ते यंत्र दिसते.

या यंत्राची प्रतिकृती आम्ही शाळेत करायला घेतली ती विज्ञान प्रदर्शनासाठी. टेबलावर ठेवायला एक शोभेची वस्तू, एवढीच सुरुवातीची कल्पना होती. पण कामटी हातात घेतली की ती कुठे, किती जाड आणि कशासाठी हे ठरवावे लागते. आपल्याला पडलेले प्रश्न नव्वद टक्के तेच असतात, जे मूळ यंत्र करणाऱ्यांनाही पडले होते. मुख्य प्रश्न तर मुलांनी पहिल्याच दिवशी विचारला. पक्ष्याला पंखांची एकच जोडी असते. मग सुरुवातीच्या इतक्या विमानांना पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक, कशासाठी?

प्रतिकृतीसाठी आम्ही १:२० हे प्रमाण घेतले. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२.३ मीटर, म्हणजे आमच्याकडे साडेएकसष्ट सेंटिमीटर. पंखाची रुंदी सुमारे २ मीटर, ती १० सेंटिमीटर. वरच्या आणि खालच्या पंखांमधले अंतर १.८८ मीटर, ते साडेनऊ सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी. प्रत्येक पंख्याचा व्यास सुमारे २.६ मीटर, तो १३ सेंटिमीटर. सहावीतली मुलेही ही मापे काढू शकतात.

ही मापे मिळाली कशी, हाही एक इतिहासच आहे. विल्बर आणि ऑर्व्हिल हे अमेरिकेतल्या डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणारे भाऊ. त्यांनी १९०३ च्या विमानाचे संपूर्ण आराखडे मागे ठेवलेले नाहीत. तपकिरी बांधणीच्या कागदावर काढलेले एक पेन्सिलचे रेखाटन तेवढे उरले आहे. त्यामुळे प्रतिकृती करणाऱ्याला मूळ विमान मोजून नंतर काढलेल्या आराखड्यांवर अवलंबून राहावे लागते. हे मूळ विमान तरी कितपत मूळ? १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याची चार उड्डाणे झाली. पहिले १२ सेकंदांचे आणि ३६ मीटरांचे, चौथे ५९ सेकंदांचे आणि सुमारे २६० मीटरांचे. त्यानंतर त्याच दिवशी वाऱ्याच्या झोताने ते उलथून मोडले आणि पुन्हा कधीच उडाले नाही. १९१३ मध्ये डेटनला महापूर आला, तेव्हा खोक्यांत भरलेले हे भाग कित्येक दिवस पाण्याखाली आणि गाळात होते. १९२७ च्या सुमारास ऑर्व्हिलने त्यावर नवे कापड चढवले. पहिल्या विमानाचा मान कोणाचा, यावरून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेशी त्याचे बिनसले होते. म्हणून १९२८ मध्ये त्याने विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिले. ते अमेरिकेत परतले १९४८ मध्ये, ऑर्व्हिलच्या मृत्यूनंतर. परत पाठवताना लंडनची जागा रिकामी राहू नये म्हणून डी हॅव्हिलंड या विमान कंपनीच्या शिकाऊ मुलांनी मोजमापे घेऊन त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती तयार केली. आज त्या संग्रहालयात आहे ती हीच. पुढे १९८५ मध्ये मूळ विमानाचे कापड पुन्हा एकदा बदलले गेले.

मापांची चर्चा चालू असताना एका मुलाने विचारले, "सर, मग आपण तळपद्यांचे विमान का करत नाही? ते तर आपल्या मुंबईचे." शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांनी ऐकलेली असते. प्रश्न टाळण्यापेक्षा मी म्हटले, "करू या. पंख किती लांब धरायचे?" त्या विमानाचे मोजमाप, छायाचित्र किंवा मोडका भाग, यांपैकी काहीच आपल्या हाती नाही. 'वैमानिकशास्त्र' या नावाने जो ग्रंथ दाखवला जातो, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये तपासणी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकात रचलेला आहे आणि त्यातली विमाने उडू शकणारी नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुलगा थोडा हिरमुसला. पण प्रतिकृती करायची तर मोजता येईल असे काहीतरी लागते, हे त्याला पटले.

आता कापडाकडे येऊ. राइट बंधूंनी वापरलेले कापड म्हणजे साधी न धुवट केलेली सुती मलमल, दुकानात मिळणारी. पुढच्या काळातल्या विमानांच्या कापडाला लाखेसारखा लेप देऊन ते ताणून घट्ट करत असत. या १९०३ च्या विमानाला तसला लेप नव्हता. आम्हाला वाटले, मलमल तर आपल्याकडे प्रत्येक घरात असते, काम सोपे झाले. मग वजनाचा हिशेब मांडला. मूळ विमान चालकाशिवाय २७४ किलोग्रॅमचे. लांबी विसाव्या हिश्शाने कमी केली की आकारमान २० × २० × २०, म्हणजे आठ हजारपट कमी होते. २७४ किलो भागिले ८०००, उत्तर ३४ ग्रॅम! एका लहान लिंबाएवढे. पंखांचे क्षेत्रफळ मात्र चारशेपटच कमी होते. ४७ चौरस मीटरचे सुमारे १२०० चौरस सेंटिमीटर. कापड दोन्ही बाजूंना लावायचे, म्हणजे त्याच्या दुप्पट. घरातल्या तलम मलमलीचा तेवढा तुकडा तराजूत टाकला, तर पंधरा ग्रॅमच्या आसपास भरला. निम्मे वजन कापडातच संपले! शिवाय कापडाची वीण काही वीसपट बारीक होत नाही. आमच्या पंखावर ती गोणपाटासारखी दिसू लागली. अखेर मुलांनीच उपाय सुचवला, पतंगाचा कागद. कामट्याही पतंगवाल्याकडूनच आणल्या आणि मेणबत्तीवर शेकून पंखाच्या फासळ्यांचा बाक त्यांना दिला.

वर्ग आणि घन यांची ही ओढाताण फक्त खेळण्यांपुरती नाही. सॅम्युअल लँग्ली हे स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख, मोठे शास्त्रज्ञ. ६ मे १८९६ रोजी त्यांचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले नमुना विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. हे फार मोठे यश होते. अमेरिकेच्या युद्धखात्याने त्यांना माणूस नेणाऱ्या विमानासाठी ५० हजार डॉलर दिले. लँग्लींनी साधारण तीच रचना मोठी केली. त्या मोठ्या यंत्राचा चौथ्या हिश्शाचा नमुना ऑगस्ट १९०३ मध्ये उडालाही. पण लांबी चौपट केली की वजन चौसष्टपट होते आणि दांड्यांचा छेद फक्त सोळापट. म्हणजे लाकडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर चौपट ताण. पूर्ण आकाराचे विमान ७ ऑक्टोबरला आणि पुन्हा ८ डिसेंबर १९०३ ला सुटताक्षणीच नदीत कोसळले. फेकयंत्रात दोष होता की रचनाच कमकुवत होती, यावर पुढे बराच वाद झाला. दुसऱ्या वेळी मागचा भाग हवेतच मोडला, एवढे मात्र दिसले. चालक मॅन्ली थंडगार पाण्यातून वाचला. त्यानंतर नवव्या दिवशी, शेकडो मैल दूर, किटी हॉकच्या वाळूवर मलमलीचे विमान उडाले.

ते मोडले का नाही? इथे दोन पंखांच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

वर्गात चार पट्ट्या घ्या. टोकांना भोके पाडून नट-बोल्टने त्यांचा चौकोन करा. बोटाने ढकलला की तो चौकोन लगेच समभुज चौकोनासारखा तिरका होतो. आता दोन्ही कर्णांवर घट्ट दोरा बांधा. चौकोन हलेनासा होतो. दोरा ढकलू शकत नाही, फक्त ओढू शकतो. म्हणून एक कर्ण पुरत नाही, दोन लागतात. एका बाजूने रेटा आला की एक ताणला जातो, दुसऱ्या बाजूने आला की दुसरा. लोखंडी रेल्वे पुलाच्या कडांना ज्या तिरप्या पट्ट्या दिसतात, त्यांचे तत्त्व हेच. अशा सांगाड्याला इंजिनिअर 'ट्रस' म्हणतात. कमी सामानात जास्त भार पेलणे, हा त्याचा गुण. पुलात वरच्या आणि खालच्या तुळया जितक्या लांब, म्हणजे पूल जितका खोल, तितका तो न वाकणारा.

ही युक्ती पुलावरून विमानावर आणणारा माणूस पूल बांधणाराच होता. ऑक्टेव्ह शान्यूट यांचा जन्म १८३२ मध्ये पॅरिसचा, कारकीर्द अमेरिकेतली. कॅन्सस सिटी इथला मिसुरी नदीवरचा पहिला पूल त्यांनी बांधला, तो १८६९ मध्ये पुरा झाला. उतारवयात त्यांनी उड्डाणाचा ध्यास घेतला. १८९६ मध्ये मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांच्या सहकाऱ्यांनी जे द्विपंखी ग्लायडर उडवले, त्याचे दोन पंख म्हणजे पुलाच्या दोन तुळया होत्या. मध्ये उभे खांब आणि तिरप्या तारा. हवेच्या रेट्याने पंख वर वाकू पाहतात, तेव्हा वरचा पंख दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. बोटभर जाडीचा एकटा पंख वाकून मोडला असता. पावणेदोन-दोन मीटर अंतरावरच्या दोन पंखांचा मिळून तेवढ्या खोलीचा पूल होतो. राइट बंधूंचा शान्यूट यांच्याशी १९०० पासून पत्रव्यवहार होता आणि ही रचना त्यांनी जवळजवळ जशीच्या तशी उचलली. शान्यूट यांच्याबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत एक ओळही नसते, याचे मला वाईट वाटते.

मलमलीनेही या सांगाड्यात आपला वाटा उचलला होता. राइट बंधूंनी ती उभ्या-आडव्या धाग्यांनी सरळ न लावता तिरपी, पंचेचाळीस अंशांत लावली. याचा अर्थ कळायला तोच पट्ट्यांचा चौकोन दोरे सोडून घ्या. त्यावर आधी हातरुमाल सरळ ताणून बांधा आणि चौकोन ढकलून पाहा. तो तिरका होतो, रुमाल विरोध करत नाही. आता मोठ्या कापडातून तिरपा तुकडा कापून तो लावा. चौकोन ताठ राहतो, कारण आता प्रत्येक धागा कर्णाच्या दिशेने आहे. हजारो बारीक दोरे कर्णावर बांधल्यासारखेच हे झाले. म्हणजे कापड हे नुसते आच्छादन नव्हते, ते सांगाड्याचा भाग होते. पतंगाच्या कागदात ही गंमत दाखवता येत नाही. म्हणून आम्ही पंखाचा एक सुटा तुकडा मुद्दाम मलमलीचा करून शेजारी ठेवला.

इतके सगळे ताठ केल्यावर आम्ही एक मोठी चूक केली. सगळे खांब आम्ही फेव्हिकॉलने पक्के चिकटवले. प्रतिकृती टणक झाली, प्रदर्शनात लोकांनी वाखाणलीही. मग लक्षात आले की राइट बंधूंचा खरा शोधच आपण गोंदाखाली पुरला आहे. विमान एका बाजूला कलले तर ते सावरायचे कसे, हा त्यांच्या काळचा कळीचा प्रश्न होता. १८९९ मध्ये विल्बरच्या हातात सायकलच्या ट्यूबचा पुठ्ठ्याचा लांबट खोका होता. दोन्ही टोके उघडी. बोलता बोलता त्याने तो पिळला, आणि त्याच्या ध्यानात आले की खोक्याची एक बाजू पुढून वर जाते तेव्हा दुसरी खाली जाते. वर्गात उदबत्तीचा रिकामा पुडा घेऊन हे करून पाहावे. दोन पंख म्हणजे या खोक्याचे वरचे आणि खालचे तळ. पंख असे पिळले तर एका बाजूला उचल जास्त मिळते, दुसऱ्या बाजूला कमी, आणि कललेले विमान सावरते. त्याच वर्षी त्यांनी पाच फूट पंखांचा एक द्विपंखी पतंग करून दोऱ्यांनी तो पिळून पाहिला. १९०३ च्या विमानात पुढच्या कडेचा ट्रस पक्का बांधला होता. मागच्या कडेला मात्र बाहेरच्या भागांत तारा अशा होत्या की पंख पिळता येईल, आणि खांब पंखांना बिजागरीसारख्या सांध्यांनी जोडले होते. चालक पालथा झोपून कंबर डावी-उजवीकडे सरकवी, की तारा ओढल्या जात आणि पंख पिळले जात. पूल पक्का हवा आणि पिळताही यायला हवा, अशी ती दुहेरी मागणी होती. आम्ही खांब पुन्हा सोडवले. दोन मोडले. सांधे दोऱ्याच्या वेटोळ्यांनी बांधले. आता प्रतिकृतीचे पंख पिळता येतात. ती थोडी लुळी दिसते, पण खरी तशीच होती.

एक शंका नववीतल्या एका मुलीने काढली आणि ती मला स्वतःला सुचली नव्हती. पंख जर जाड केला असता आणि तुळई त्याच्या पोटात लपवली असती, तर खांब, तारा, दुसरा पंख, काहीच लागले नसते. मग त्यांनी तसे का केले नाही?

एक कारण पक्ष्यांचे पंख. ते पातळ आणि बाकदार दिसतात, लिलिएन्थालनेही तसेच केले होते. दुसरे कारण अधिक मजेदार आहे, आणि ते पुन्हा लहान नमुन्यांपाशी येते. १९०१ च्या शरद ऋतूत राइट बंधूंनी दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली. तिच्या एका टोकाला हवा ढकलणारा पंखा. हाच त्यांचा 'विंड टनेल', वाऱ्याचा बोगदा. त्यात करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार यांपासून केलेल्या तराजूवर त्यांनी पत्र्याचे सुमारे दोनशे छोटे पंख तपासले. हवेच्या दाबासाठी दीडशे वर्षे वापरात असलेला स्मीटनचा ०.००५ हा गुणांक बराच जास्त आहे, खरा ०.००३३ च्या आसपास आहे, हे त्यांना कळले. पंख लांब आणि अरुंद असणे फायद्याचे, हेही कळले. हा बोगदा नसता तर १९०३ चे विमान उडाले नसते, हे निर्विवाद आहे.

पण ते नमुने काही सेंटिमीटर रुंदीचे होते. लहान वस्तूला हवा अधिक चिकट भासते. माशीला हवेतून जाताना जेवढा चिकटपणा जाणवतो, तेवढा घारीला जाणवत नाही. हा फरक मोजणाऱ्या संख्येला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. वेग आणि रुंदी वाढली की तो वाढतो. छोट्या नमुन्यांच्या बाबतीत हा अंक लहान असतो, आणि अशा परिस्थितीत पातळ बाकदार पंखच सरस ठरतो, जाड पंख निकामी वाटतो. मोठ्या पंखाच्या बाबतीत चित्र बदलते. तेव्हाच्या इतर देशांतले बोगदेही असेच लहान होते, त्यामुळे पातळ पंखाची समजूत सर्वत्र पक्की झाली. पातळ पंख म्हणजे बाहेरून आधार, बाहेरून आधार म्हणजे खांब आणि तारा, आणि त्या बांधायला सोयीचे म्हणून दोन पंख. छोट्या नमुन्याने विमान उडवले आणि त्यानेच पुढची दहा-पंधरा वर्षे विमानाला तारांनी बांधून ठेवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. लाकूड-कापडाची स्वस्ताई आणि कमी ताकदीची इंजिने हीही कारणे होतीच. पण त्यात बरेच तथ्य आहे.

गाठ सुटली ती जर्मनीत. ह्यूगो युंकर्स यांनी डिसेंबर १९१५ मध्ये जाड पंखाचे, एकपंखी, बाहेर एकही तार नसलेले पोलादी विमान उडवले. ग्योटिंगेनला प्रांट्ल यांच्या मोठ्या बोगद्यात १९१७ पासून जाड पंखांचे गुण मोजले गेले. १९१८ च्या फॉकर डी-७ ला पंख दोनच होते, पण जाड. पंखांमधल्या तारा त्याला लागत नव्हत्या.

तरीही कापडी द्विपंखी विमान लगेच गेले नाही. स्वस्त, हलके, गावच्या सुताराला दुरुस्त करता येईल असे, म्हणून शिकण्यासाठी ते फार काळ टिकले. फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटा यांना भारतातला क्रमांक १ चा वैमानिक परवाना मिळाला, तेव्हा मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये ते शिकले ते जिप्सी मॉथ या द्विपंखी विमानावर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, ते पस् मॉथमधून. ते एकपंखी होते, कापडीच, पण पंखांना खालून तिरप्या दांड्यांचा टेकू होता. पुलाची आठवण तिथेही शिल्लक होती.

बंगळूरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. सहल त्या बाजूला गेली तर मुलांना तिच्या खांबांचे सांधे पाहायला सांगावे. उडणारी प्रतिकृती करणे मात्र सोपे नाही. शताब्दीच्या दिवशी, १७ डिसेंबर २००३ ला, किटी हॉकला अतिशय काळजीपूर्वक केलेली एक प्रतिकृती हजारो लोकांसमोर धावली आणि डबक्यात बसली. पाऊस होता आणि शंभर वर्षांपूर्वीसारखा जोरदार समोरचा वारा नव्हता.

आमची प्रतिकृती तर शंभर ग्रॅमच्या वर भरली, चौतीसच्या जवळपासही नाही. ती आता प्रयोगशाळेच्या छताला टांगली आहे. पाहायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी दरवर्षी हमखास पट्टी लावते आणि सांगते की उजवा पंख डाव्यापेक्षा पाच मिलिमीटर जास्त झाला आहे. तो तसाच आहे. मूळ विमानात इंजिन मध्यरेषेच्या उजवीकडे होते आणि चालक डावीकडे झोपे. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून उजवा पंख सुमारे दहा सेंटिमीटर लांब ठेवला होता.